साळवे सर आणि दुसरं बटण

सुगत साळवे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. चाकणच्या आमच्या कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झाले तो पहिला दिवस. फर्स्ट शिफ्टची माणसं आत येत होती आणि हे गृहस्थ प्रेसशॉपच्या दारात उभे राहून एकेकाशी हात मिळवत होते, तेही दोन्ही हातांनी. "नमस्कार, मी साळवे." एक झाला की दुसरा. मी प्रेसशॉपचा सुपरवायझर. सातला सुरू व्हायची लाइन सात दहाला सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. मी पुढं होऊन म्हणालो, "साहेब, इलेक्शनला उभं राहायचा विचार आहे काय?"

ते हसले. माझेही दोन्ही हात त्यांनी हातात घेतले आणि म्हणाले, "उभा राहिलो तर पहिलं मत तुमचंच मागीन. तोवर एक करा, त्या निळ्या शर्टातल्या भाऊंना फर्स्ट एडला पाठवा. अंगठ्याला चिंधी बांधलीय आणि चिंधी ओली आहे." मला वाटलं होतं माणूस नम्र आहे. नम्र ते आहेतच, पण त्या वेळी ते बोटं तपासत होते.

या महिन्यात सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात माझ्यापेक्षा मोठी माणसं लिहिणार आहेत. संपादक मंडळानं मला फोनवर बजावलं, "शिंदे, जरा गोड लिहा." आता मी जन्मभर प्रॉडक्शनचा माणूस, खेडकडचा, आमच्याकडं गोड बोलणाऱ्यावर लोक संशय घेतात. मला खरं लिहिता येईल, आणि तेही उशिरा. दिगंबर नावाच्या एका माणसाला एक गोष्ट मी सांगायला हवी होती, ती मी अकरा वर्षं सांगितली नाही. ती सांगितल्याशिवाय सरांवर चार ओळी लिहायचा मला अधिकार नव्हता. म्हणून हा लेख द्यायला मला महिनाभर उशीर झाला. मंडळानं सांभाळून घेतलं याबद्दल आभार.

आधी सरांचं काम कसं होतं ते सांगतो. आमच्या गेटवर एक मोठा बोर्ड होता, "अपघातमुक्त दिवस" आणि पुढं आकडा. रोज सकाळी सिक्युरिटीवाला आकडा एकानं वाढवायचा. शंभर दिवस झाले की सगळ्यांना स्टीलचा डबा आणि जिलेबी. आणि कुणाला लागलं की आकडा शून्य, डबा गेला, सगळी शिफ्ट त्या माणसाकडं डोळे वटारून बघणार. मग व्हायचं काय? लागलेला माणूस हात खिशात घालून घरी जायचा आणि गावातल्या डॉक्टरला सांगायचा, बाथरूममध्ये घसरलो. आमच्या कंपनीतली माणसं बाथरूममध्ये जितकी घसरली असतील तितकी अख्ख्या तालुक्यात घसरली नसतील! म्हणून सर रोज दारात हात मिळवत. खिशातला हात बाहेर काढायचा तो एकच सभ्य मार्ग होता.

सर आले आणि खरचटलेलंसुद्धा वहीत यायला लागलं. बोर्डाचा आकडा दहाच्या वर जाईना. आमचे प्लँट हेड, त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, मीटिंगमध्ये कडाडले, "साळवे, तुम्ही आलात आणि अपघात वाढले!" सर शांतपणे म्हणाले, "अपघात तेवढेच आहेत साहेब. आता दिसायला लागलेत." मोठे साहेब म्हणाले, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची असते." सर म्हणाले, "खरंय. पण मुठीत बोटं किती उरलीत तेवढं बघू द्या." टेबलाभोवतीचे आम्ही सगळे एकदम आपापल्या कागदांत डोकं घालून बसलो. नोकरीवर वर्षही झालं नव्हतं आणि माणूस असं बोलत होता! महिन्याभरात बोर्ड उतरला. डबे मात्र सरांनी भांडून चालू ठेवले. पण जो धोका आधी दाखवील त्याला. पहिला डबा कँटीनच्या मावशींना मिळाला, त्यांनी गॅसची नळी तडकलेली दाखवली म्हणून.

त्यांच्या स्वभावाचा एक नमुना सांगतो. कंपनी दर वर्षी सेफ्टी शूज द्यायची आणि निम्मी माणसं चपलेतच कामाला उभी असायची. मी बोंब मारून थकलो होतो, दंडसुद्धा लावला. सरांनी एकाला जवळ बसवून विचारलं, बूट कुठंयत? तो लाजत म्हणाला, "सर, मेव्हण्याचं लग्न आहे, तोवर नवे राहू दिलेत." सर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील पिंपरीच्या एका फौंड्रीत होते, वितळलेल्या लोखंडाजवळ चपलेत उभं राहायचे आणि कंपनीचे बूट घालून गावच्या लग्नांना जायचे. एकदा पायावर तप्त थेंब पडला आणि ते दोन महिने कासारवाडीच्या खोलीत पाय वर करून पडून होते. "घरात तेवढाच एक चांगला बूट होता," सर म्हणाले, "त्यांना निष्काळजी म्हणायची माझी हिंमत नाही." पुढच्या वर्षीपासून आमच्याकडं माणशी दोन जोड आले. खरेदी खात्यानं कारण विचारलं तर सरांनी चक्क लिहून दिलं, एक कामाला, एक लग्नाला. त्या वर्षापासून चप्पल दिसली नाही. नियम तोच होता हो, मीही तोच सांगत होतो. पण माणूस नियम का मोडतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता दिगंबरची गोष्ट.

प्रेसमध्ये वरून जड साचा खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. मधे बोट आलं तर त्यालाही देतो. म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच साचा पडतो, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात बाहेर. कायदा सांगतो, मशीन बनवणारा सांगतो, भिंतीवरचं पोस्टर सांगतं. आणि आमच्याकडं डाव्या बटणावर काळी टेप. बटण दाबून वरून टेप गुंडाळली की ते दाबलेलंच राहतं; मग डाव्या हातानं पत्रा लावा, उजव्यानं एकच बटण मारा, पीस भराभर निघतात. हे सगळ्यांना माहीत होतं. इन्स्पेक्शन आलं की दहा मिनिटांत सगळ्या टेपा निघायच्या आणि ते गेलं की परत लागायच्या. त्या कामात आमच्याइतका तरबेज प्रेसशॉप दुसरा नसेल.

दिगंबर परभणीकडचा, शांत, दिघीला भाड्यानं राहायचा, बायको आणि एक लहान मुलगी. सरांचं ट्रेनिंग त्यानं मनावर घेतलं आणि शिफ्टवर आला की आपल्या प्रेसवरची आधीच्या शिफ्टची टेप रोज काढून टाकायला लागला. झालं, त्याचे पीस कमी पडायला लागले. तासाला चारशेचं टार्गेट, त्याचे तीनशेही होईनात. त्या दिवशी शिफ्ट सुरू होतानाच डिस्पॅचवाले माझ्या मानगुटीवर बसले होते. दिगंबर टेप काढून, काम सुरू करायच्या आधी पाणी प्यायला गेला. मी त्याच्या प्रेसपाशी गेलो, खिशातली टेप काढली आणि डावं बटण बांधलं. मी, या हातांनी. तो आला की सांगू म्हणून वळलो, तेवढ्यात डिस्पॅचचा पुन्हा फोन आला आणि मी केबिनकडं पळालो.

दिगंबर आला, बसला. डाव्या हातानं पत्रा सरळ करत होता आणि उजवा हात नेहमीसारखा बटणावर होता. त्याच्या हिशेबी त्यात काही धोका नव्हता, कारण डावं बटण दाबल्याशिवाय साचा पडणारच नव्हता. उजवा हात जरा जड पडला आणि साचा आला. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात त्यानं जबाब दिला, "माझीच चूक. आधीच्या शिफ्टची टेप काढायची राहिली आसंल." त्याला तसंच वाटलं! मी खाटेशेजारी उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. मला दोन मुलं होती, घराचा हप्ता होता, ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी मी फक्त भ्यालो होतो.

अपघाताच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. तिथं "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहायची आमच्याकडं वहिवाटच होती. दिगंबरनं कबूलच केल्यावर मोठ्या साहेबांचं काम सोपं झालं. निष्काळजीपणा एकदा लिहिला की त्याची नोकरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर म्हणाले, "मी हे लिहिणार नाही." मोठे साहेब म्हणाले, "तो स्वतः म्हणतोय!" सर म्हणाले, "त्याची दोन बोटं गेलीत साहेब, तो आत्ता काहीही कबूल करील. मला एक तास द्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी सर प्रेसशॉपमध्ये आले. अंगात पांढरा शर्ट. बाह्या वर सारल्या आणि दिगंबरच्याच प्रेसवर जाऊन बसले. आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की डिप्लोमा करायच्या आधी त्यांनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं प्रेस चालवली होती. समोर मोठे साहेब, मी आणि सगळी शिफ्ट. दोन्ही बटणं मोकळी. घड्याळ लावून सरांनी एक तास प्रेस चालवली. पत्रा लाव, दोन्ही हात बाहेर, दोन्ही बटणं, पीस काढ. शर्ट पाठीला चिकटला, चेहरा लाल झाला, पण लय तुटली नाही. मी आयुष्यात चांगले ऑपरेटर बघितलेत. असा हात बघितला नाही. तास संपला आणि पीस मोजले. दोनशे नव्वद. मग आमच्या सगळ्यात चलाख ऑपरेटरला बसवलं. त्याचे तीनशे दहा.

सरांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "साहेब, चारशे पीस दोन बटणांनी निघत नाहीत. म्हणजे हे टार्गेट लिहिलं त्याच दिवशी आपण टेप लावायला सांगितली. मी कारणाच्या रकान्यात हे लिहितो. पटत नसेल तर माझा राजीनामा घ्या आणि दुसऱ्याकडून भरून घ्या."

मोठे साहेब बराच वेळ त्या पिसांच्या पेटीकडं बघत उभे राहिले. त्यांच्याबद्दलही खरं लिहायला हवं, माणूस तापट पण दिलदार. "लिहा," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दिगंबरची नोकरी राहिली. प्रेसचं वायरिंग बदललं. प्रत्येक वेळी दोन्ही बटणं सोडून परत दाबली तरच साचा पडणार, टेप लावली तर प्रेस बंदच राहणार. पुढं सरांनी टूलरूमच्या पोरांना घेऊन पीस आपोआप घसरून पेटीत पडेल अशी पत्र्याची घसरगुंडी बनवून घेतली आणि काही महिन्यांत दोन्ही बटणांनी चारशेच्या जवळ आकडा यायला लागला! मी त्या कंपनीत आणखी सहा वर्षं होतो. त्या सहा वर्षांत आमच्या प्रेसशॉपमध्ये कुणाचं बोट गेलं नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत आज कितीतरी शॉपमध्ये सरांनी शिकवलेली माणसं आहेत. तिथं किती हात शाबूत राहिले याची नोंद कुठं सापडायची नाही; शाबूत हाताचा फॉर्म कोण भरतो? पण तो विचार मनात आला की मला हात जोडावेसे वाटतात.

आणि आता माझं. प्रेस चालवून झाल्यावर सर हात धुवायला गेले, मी टॉवेल घेऊन मागं गेलो. हात पुसता पुसता ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिंदे, टेप नवीन होती. आधीच्या शिफ्टची टेप तेलानं माखलेली असते." मी म्हणालो, "सर..." त्यांनी हात वर केला. "मला नाव नको. रिपोर्टात एकदा नाव आलं की सगळे त्या नावावर तुटून पडतात आणि टार्गेट तसंच राहतं. पण दिगंबरला कळायला हवं. ते मी सांगणार नाही. ज्याचं त्यानं सांगायचं."

मी त्याला माफी समजलो. गाढव होतो. सुटलो म्हणून त्या रविवारी देवाला नारळ फोडला, आज लिहितानाही लाज वाटते. उद्या सांगू, पगार झाल्यावर सांगू, त्याची जखम भरू दे मग सांगू. दोन वर्षांनी दिगंबरनं नोकरी सोडून दिघीला पिठाची गिरणी टाकली आणि मला आयतीच सबब मिळाली. पुढं मी दुसरीकडं मॅनेजर झालो, सर भेटत राहिले, माझ्या मुलाच्या दहावीला पेढे घेऊन आले, माझी आई आजारी होती तेव्हा रोज दवाखान्यात येऊन बसले. "लई गुणाचं मानूस हाय, व्हय," आई म्हणायची. त्यांनी दिगंबरचा विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

या लेखाचं पत्र आलं आणि मी लिहायला बसलो. "सरांची सचोटी" असं मथळ्यासारखं लिहिलं आणि पुढं पेन चालेना. शेवटी एका रविवारी सकाळी दिघीला गेलो.

गिरणीच्या पट्ट्याला दिगंबरनं स्वतः जाळी ठोकून घेतलेली. मला बघून पिठाच्या हातानंच नमस्कार केला. "या सायेब, बसा की." मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि मी परत विसरलो असतो. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाणी प्यायला गेलास, मी आलो, टेप लावली, फोन आला. त्यानं गिरणी बंद केली. पट्टा थांबू दिला.

मग म्हणाला, "म्हणजी म्या काढली होती."

"काढली होतीस. तू काहीही विसरला नव्हतास."

त्यानं डावा हात वर करून बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तो आतल्या दाराकडं वळून ओरडला, "स्नेहल, इकडं ये बाई." त्याची मुलगी बाहेर आली. आता मोठी झालीय, डिप्लोमा करून चाकणलाच एका कंपनीत लागलीय. दिगंबर मला म्हणाला, "सायेब, ही रोज कामाला निगती तवा म्या हिला सांगतो, बापावाणी इसरू नको. बोटं जाऊन अकरा वर्सं झाली. आता हिच्यासमोर परत सांगा."

पहिल्यांदा सांगणं सोपं होतं हे मला तेव्हा कळलं. मी परत सगळं सांगितलं, त्या पोरीच्या तोंडाकडं बघून. ती ऐकत होती आणि बापाचा तो हात तिनं दोन्ही हातांत धरला होता. माझं झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "काका, साळवे सरांना हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

दिगंबर खाली बसला. "आसं हाय व्हय," म्हणाला. "सर दर दसऱ्याला येतेत. गिरणीला हार घालतेत, आपटा देतेत. आन जाताना दरसाल इचारतेत, शिंदे येऊन गेले का? मला वाटायचं, सहज इचारतेत."

मी तिथंच पोत्यावर बसलो आणि रडलो. साठीच्या जवळ आलेला माणूस, पिठाच्या पोत्यावर. गिरणी टाकल्यापासूनचे नऊ दसरे, नऊ वेळा तो प्रश्न, आणि मला त्याचा एक शब्द कळू दिला नाही. कुठून आणतात ही माणसं इतका धीर? दिगंबरनं मला माफ केलं का, मी विचारलं नाही. त्यानं चहा मागवला, एवढं खरं.

सर, हा ग्रंथ आपल्या हाती येईल तोवर दसरा जवळ आलेला असेल. आपण दिघीला जाल, हार घालाल आणि निघताना नेहमीचा प्रश्न विचाराल. या वेळी दिगंबर "हो" म्हणेल. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, ठणठणीत प्रकृती लाभो, ही त्या अख्ख्या प्रेसशॉपच्या वतीनं प्रार्थना. माझ्यासारखे उशीर करणारे या पट्ट्यात अजून पुष्कळ आहेत सर, आणि त्यांची वाट बघायला आपण हवे आहात.